मधली गर्दी

शिलाईच्या बाईंची आठवण आली की मला आधी यंत्राच्या तेलाचा वास येतो. त्या आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या, मी विज्ञान. त्यांची खोली एकच. एका भिंतीला त्यांची खाट, समोरच्या भिंतीला विधवा नणंदेची, मधे पाय वळवण्यापुरती जागा. बाईंचे यजमान गेल्यापासून घरात त्या दोघीच, आणि भांडण. बारकी कात्री कुणी लपवली इथून ते सुरू व्हायचं आणि कुणाच्या तरी लग्नातल्या रुसव्यापाशी थांबायचं.

एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मला आकाशगंगेचा पडदा हवा होता. काळ्या कापडावर चमचमत्या टिकल्यांचे तारे. काम बाईंनी घेतलं. त्याच आठवड्यात नणंदबाईंनी जाहीर केलं, “रविवारी मी पुतण्याकडे जाते. कायमची.” बाई म्हणाल्या, “जा की.” शाळेत मात्र त्या आठवड्यात बाईंचं शिवणात लक्ष नसायचं.

शनिवारी संध्याकाळी मी पडदा बघायला गेलो. दाराशी भरलेली बॅग. दोन्ही खाटांवर कापड ताणलेलं. दोघींनी आपापल्या काठापासून टिकल्या लावत आणल्या होत्या, आणि आधी हात कुणी थांबवायचा यावर अडून बसल्यामुळे मध्यभागी टिकलीवर टिकली चढली होती.

“बघा मास्तर, माझ्या जागेत घुसल्या वन्सं.”

“तुझी जागा? खोली माझ्या बापाची आहे, वहिनी.”

“म्हणून कापडही त्यांचंच का?”

मला हसू आवरेना. “अहो, हे अगदी बरोबर झालंय! आकाशगंगेच्या मध्यात अशीच दाटी असते. तारे चक्क एकमेकांवर आदळतात. कृष्णविवराच्या अगदी जवळचे इतक्या वेगात असतात की एकमेकांची सालटी काढून पुढे निघून जातात. जरा लांबचे सावकाश धडकतात आणि त्यांचा एकच तारा होतो. दोन म्हातारे तारे असे एक झाले, तर नवा चांगला तरुण दिसतो.”

नणंदबाईंनी दातांनी दोरा तोडला. “सालटी काढणारे आमच्यातले. रोज काढते ही माझी.”

“तरुण कशाला व्हायचं?” बाई म्हणाल्या. “पुन्हा सगळं पहिल्यापासून निस्तरायचं!”

दोघी खळखळून हसल्या.  मग बाईंची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे गेली.

“मधलं सगळं उसवायला हवं,” त्या खाली बघत म्हणाल्या. “वन्सं, तुमचे टाके फार घट्ट. मला एकटीला सुटायचे नाहीत.”

“छे छे, उसवू नका! मी आत्ताच सांगितलं ना, मध्य असाच...”

सुई मोडणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

“म्हणजे... थोडं उसवावंच लागेल,” मी म्हणालो. “सावकाशीनं.”

नणंदबाईंनी आधी मला निरखलं, मग वहिनीला. “किती दिवस लागतील?”

“ते काय सांगता येतंय?”

त्या उठल्या. बॅग खाटेवर घेऊन एकेक लुगडं बाहेर काढू लागल्या. अख्खी बॅग रिकामी झाल्यावर तळातून बारकी कात्री निघाली.

“बघा, बघा!” बाई ओरडल्या. “कात्री ह्यांनीच लपवली होती!”

आता दोघीही नाहीत. पडदा माझ्याकडे आहे. कधी उलगडला तर मी हटकून मध्यावरून हात फिरवतो. तिथला एकही टाका कुणी उसवलेला नाही.