मान राखणारा तुळजाजी

"मी मान राखतो," तुळजाजी म्हणायचा. काय काम करतोस असं कुणीही विचारो, उत्तर हेच. मराठी माणसाला वाटे, केवढा ताठा! पण तमिळमध्ये मान म्हणजे हरीण, आणि तुळजाजी मद्रासला गिंडीच्या राखीव रानात पहारेकरी होता. तंजावरकडे दोन भाषांत वाढलेला हा माणूस एका शब्दात दोन्ही सांगून टाकी आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राही.

शहर वाढत वाढत रानाच्या भिंतीला येऊन टेकलं होतं. भिंतीबाहेर बसचे भोंगे, आत वडाखाली चितळांचा कळप. रविवारी माणसं येत, ट्रान्झिस्टर लावत, हरणांना मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, फेकत. तुळजाजी काठी उगारत नसे. "अय्या, दुसऱ्याच्या घरी आलायत. पाहुण्यासारखं बसा," एवढंच म्हणे. काही जण बसत. काही जण हसत.

भिंतीला लागून सरकारी क्वार्टर्स होती. तिथे गोदामामी राहत, त्याही तंजावरच्याच. त्यांचे यजमान नारायणस्वामी रानाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. तुळजाजी नोकरीसाठी वणवण फिरत होता तेव्हा त्यांनीच साहेबाकडे शब्द टाकला होता. पुढे ते वारले. वर्षश्राद्ध आलं तशी मामींची पंचाईत झाली. घास ठेवायला गच्चीवर कावळे हवे तेवढे, पण गाय कुठून आणायची? आणि गाईच्या मुखी घास गेल्याशिवाय त्यांच्या घरी कुणी पानावर बसत नसे.

मामींनी भिंतीपलीकडे बघितलं. चितळीण रवंथ करत होती. खूर दुभंगलेले, डोळे मोठे. "ही काय, गाईचीच धाकटी बहीण," मामी म्हणाल्या, आणि धुण्याच्या दगडावर चढून त्यांनी भात-वड्यांचं पान पलीकडे ठेवलं. चितळिणीनं ते चाटूनपुसून खाल्लं. मामींना समाधान वाटलं. मग दर अमावास्येला पान जाऊ लागलं.

उन्हाळ्यात एक मादी भिंतीपाशी पोट फुगून मेली. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं. आंबलेला भात निघाला, उडदाच्या वड्याचे तुकडे निघाले. "शिजवलेलं अन्न ह्यांना सोसत नाही," डॉक्टर म्हणाले. तुळजाजीनं वडे ओळखले. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढची अमावास्या यायच्या आतच नारायणस्वामींचं पुढच्या वर्षीचं श्राद्ध आलं. ऊन डोक्यावर आलेलं. घरात भटजी खोळंबलेले. ओल्या लुगड्यात, मडीत, म्हणजे सोवळ्यात, मामी पान घेऊन दगडावर चढल्या. पलीकडे तुळजाजी उभा. त्याच्या मागे एक चितळीण मान वर करून वास घेत होती.

"सर रे बाजूला."

"नाही मामी."

"काय म्हणालास?"

"मागची ह्यानंच मेली. डॉक्टरांनी दाखवलं मला. भात होता, तुमचे वडे होते."

मामींचा हात पानावर थबकला. मग त्यांचा आवाज चढला. "तुझ्या नोकरीसाठी साहेबाच्या दारात कोण उभं राहिलं होतं? आज त्यांचाच घास अडवतोस?"

"तेच उभे होते. ह्या चितळांना सांभाळायलाच ठेवलं ना मला त्यांनी?"

दारातून मामींचा मुलगा गुरुराज ओरडला, "अम्मा, भटजी विचारतायत! एकजण तर झोपलाच!"

"झोपू दे!" मामी ओरडल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाय कुठून आणू रे मी?"

"रानापलीकडे वेलचेरीत आहेत की, शेताच्या कडेला. माझी पाळी संपली. मी नेतो."

"तू?" मामी पानाकडे, मग त्याच्या खाकी बाह्यांकडे बघत राहिल्या. "मडीतलं आहे हे."

"गाय मडी बघत नाही, मामी. खाणार ती आहे."

मामींनी पान घट्ट धरलं होतं. केळीच्या पानातून वाफ येत होती. चितळीण एक पाऊल पुढे आली. तिचं पोट खाली लोंबत होतं, गाभण होती. मामींनी ते बघितलं. त्यांनी पान उचललं आणि भिंतीवर न ठेवता, सरळ त्याच्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं.

"सांडू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि गाईला सांग, तंजावरच्या नारायणस्वामींचं."

"मराठीत सांगू की तमिळमध्ये?"

"पो रे, जा!"

तुळजाजी पान दोन्ही हातांवर तोलत रानातून वेलचेरीच्या बाजूला निघाला. चितळीण वासानं काही अंतर त्याच्या मागे गेली. त्यानं वळून न बघता घशातून "हूं" केलं, तशी ती थांबली. झुडपांमधून खाकी सदरा दिसत राहिला, मग दिसेनासा झाला. गुरुराज दोनदा हाक मारून गेला, तरी मामी धुण्याच्या दगडावरून उतरल्या नाहीत.