अर्ध्या डॉक्टरांचे डोळे

आमच्या धाकट्या काकांना सगळी गल्ली 'अर्धे डॉक्टर' म्हणते. औषधांच्या दुकानात पंधरा वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यांनी डॉक्टरकी स्वतःच स्वतःला बहाल केली. गल्लीने ती फक्त निम्म्यावर आणली.

जाड चष्म्याआड आपलं रूप वाया जातंय, अशा समजुतीने छत्तिसाव्या वर्षी त्यांनी डोळ्यांचं लेझर करून घेतलं. बुबुळावरचा पातळ पापुद्रा काढून करतात, ते.

"तीन-चार दिवस दुखेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे सूज-वेदनेचे थेंब दिवसातून चार वेळा, तीनच दिवस. जास्त घातले तर जखम भरत नाही."

बाई तोंडी परीक्षा देत असाव्यात, अशी काकांनी मान हलवली.

संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि पडदे ओढलेल्या खोलीत शूरवीर कण्हू लागले. काकूने घड्याळ बघून थेंब घातले.

"अजून एक."

"चारच वेळा सांगितलंय."

"तुला काय कळतं? डॉक्टर नेहमी हात राखूनच लिहितात."

दुसऱ्या दिवशी काकू कामावर गेली आणि बाटली काकांच्या उशाशी आली. दुखलं की थेंब. नाही दुखलं, तर दुखेल म्हणून थेंब. दुपारपर्यंत बाटली कोरडी. त्यांनी दुकानात फोन करून दुसरी मागवली.

तिसऱ्या दिवशी तपासणी झाली. यंत्रातून बघता बघता बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"थेंब किती वेळा घातलेत?"

"चार वेळा."

"तासाला," काकूने वाक्य पुरं केलं.

जखम जशीच्या तशी होती. अशीच राहिली तर डाग पडेल, बाई म्हणाल्या, आणि गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं पुसट दिसतील. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्या अक्षरांवर घर चालत होतं.

ते थेंब बंद झाले. वेदनेसाठी पोटात घ्यायची गोळी, डोळ्यांसाठी कृत्रिम अश्रूंचे साधे थंडगार थेंब आणि मिटलेल्या पापण्या, एवढंच उरलं. वाघाची पार शेळी झाली.

"अगं, एकच थेंब दे त्यातला."

"बाटली फेकली मी."

"दुखतंय गं."

"दुखणारच," काकू म्हणाली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली. ही बाई त्यांच्या वाट्याला कशी आली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आठवड्याने पुन्हा तपासणी झाली. तक्त्यावरच्या वरच्या ओळी काकांनी ठणठणीत वाचल्या.

"शेवटची?"

काकांनी मान पुढे काढून डोळे बारीक केले.

"नाही दिसत," ते हळूच म्हणाले.

"आज दिसणारही नाही. महिन्याभरात दिसेल. जखम भरलीय, डाग नाही."

काकूने डोळे टिपले. काकांनी पायऱ्या उतरेपर्यंत कसाबसा धीर धरला.

"बाई तशा हुशार आहेत," ते म्हणाले. "माझ्या मनात होतं, अगदी तसंच केलं त्यांनी."