फवारणीची कापडं

शेळगावच्या रस्त्याला डाळिंबाच्या बागेत फवारणी चालू असली, की त्या उग्र वासानं मला इंदापूरच्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. मी तेव्हा नुकतीच नर्स झाले होते. उलट्या-जुलाब होतात म्हणून एका बाईला आणलं होतं. आदल्या दिवशी ती लग्नात जेवली होती, म्हणून डॉक्टरांसकट सगळ्यांनी जेवणच बाधलं असं धरलं. मी सलाईन लावलं, पण तिच्या तोंडातून लाळ गळत होती, पंख्याखाली पदर घामानं भिजला होता आणि नाडी मंद लागत होती. जुलाबानं सुकलेल्या माणसाची नाडी पळायला हवी. टॉर्च मारून पाहिलं, तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "सकाळपासनं काय काय केलं हिनं?" मी तिच्या नवऱ्याला विचारलं. "काय न्हाय वो सिस्टर, माजी फवारणीची कापडं धुतली," तो म्हणाला. मी धावतच डॉक्टरांकडं गेले. "सर, फवारणीचं औषध कातडीतून भिनलंय वाटतं." मी एकेक लक्षण सांगितलं. त्यांनी स्वतः बाहुल्या पाहिल्या आणि लगेच त्या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू केलं. आम्ही तिचं लुगडं बदलून साबणानं अंग धुतलं. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. "म्हशीची धार काडायचीय, सोडा की मला!" सगळा वॉर्ड हसला. आता बारामतीत मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. "मॅडम, डॉक्टरांनी निदान केल्यावर आपण कशाला विचार करायचा?" असं कुणी विचारलं, की मी त्या बाईची गोष्ट सांगते, आणि सांगताना अजूनही माझी मान ताठ होते.