चिंधू रंगारीचा बसलेला आवाज

मोहाडीच्या बाजारात गुलाब हटवारचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. पेट्यावाला गुलाबभाऊ कुठे बसतो, एवढं विचारलं की पुरे. बासष्ट वर्षांचा माणूस, नाकावर एकावर एक दोन चष्मे, आणि स्वभाव असा की गिऱ्हाइकाने जास्त घाई केली तर स्पीकरची पेटी तशीच उघडी परत देतो. तरुणपणी तो गावोगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, माइक आणि भोंगे लावायचा, उरलेल्या वेळी रेडिओ-टीव्ही आणि पेट्या सुधारायचा. पुढे डीजे आले, भोंगे गेले, टीव्ही भिंतीला चिकटले आणि गुलाबच्या हाताला काम उरलं नाही. लोक त्याला संपला म्हणायला लागले होते, तेवढ्यात कुठून कोण जाणे, पैसेवाल्यांना जुन्या लाकडी स्पीकरांचं वेड लागलं. आता नागपूरहून गाड्या येतात आणि गुलाबभाऊ त्यांनाही तसाच तासभर बाकावर बसवून ठेवतो.

त्याचं काम चार वाक्यांत सांगता येतं, पण तो स्वतः सांगायला लागला की अर्धा तास सोडत नाही. पेटीत दोन स्पीकर असतात. मोठा जाड आवाज काढतो, छोटा बारीक. कोणाला काय द्यायचं ते ठरवणारी एक पट्टी आत असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. त्या पट्टीवरचा कंडेन्सर तीस-चाळीस वर्षांत आतून वाळतो आणि छोट्या स्पीकरच्या वाट्याचं त्याला मिळेनासं होतं. पेटी वाजते, पण घोंगडीतून बोलल्यासारखी. गुलाब तो वाळलेला कंडेन्सर काढतो आणि फिल्मचा, चांगल्यातला नवा बसवतो. मग टाळाची किणकिण परत येते, शब्दांतले स आणि च परत येतात, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

काढलेला जुना माल तो कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. "पाहून घ्या, तुमचं तुमच्याजवळ," म्हणतो. चाळीस वर्षांत हा नेम त्याने मोडला नव्हता, आणि या नेमाचा त्याला गर्वही थोडाथोडका नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी रत्नमाला रंगारी ऑटोतून दोन पेट्या घेऊन आली. रत्नमाला तुमसरला शाळेत शिकवते. ऑटोतून उतरणाऱ्या सागवानी पेट्या गुलाबने लांबूनच ओळखल्या. जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा रत्नमालाच्या बापाने, शाहीर चिंधू रंगारीने, त्या घेतल्या होत्या, तेव्हाच बऱ्याच जुन्या झालेल्या. चिंधूला जाऊन अठरा वर्षं झाली. त्याचं घर गुलाबच्या दुकानापासून सायकलीने दहा मिनिटांवर, पण त्या गल्लीतून गुलाब कधी जात नसे. का जात नाही, असं कोणी विचारलं असतं तर रस्ता खराब आहे म्हणाला असता.

"काका, आई म्हणते पेट्या बिघडल्या," रत्नमाला म्हणाली. "बाबांचा आवाज साफ ऐकूच येत नाही म्हणते. ही कॅसेट ठेवा. हीच लावून पाहा, तिले हेच ऐकायचं असते."

कॅसेटवर गुलाबच्याच तरुण अक्षरात लिहिलं होतं: आंबागड मंडई, शाहीर चिंधू आणि पार्टी.

आता त्या मंडईचं सांगायला हवं. बत्तीस वर्षं झाली. आंबागडच्या किल्ल्याखाली दुपारची खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, रंगली होती. चिंधू तेव्हा चाळिशीतला, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. माइक गुलाबचा होता आणि त्या दिवशी फार शिट्ट्या मारत होता. चिंधू गाता गाता थांबला आणि म्हणाला, "गुलाबचा माइक पोरी पाहून शिट्ट्या मारून राहिला बाप्पा. मालक तिशीचा झाला, अजून बिनलग्नाचा हाय ना." दोन-तीन हजार माणसं पोट धरून हसली. बाया पदर तोंडाला लावून वळून वळून गुलाबकडे पाहू लागल्या.

पुढच्याच गाण्यात चिंधूचा आवाज बसला. मागच्या लोकांना काही ऐकू येईना, "आवाज, आवाज" असा ओरडा झाला, चिंधू शिरा ताणून गात राहिला आणि लोक उठून दुसऱ्या फडाकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा खरोखरच धरला. शाहिराचा गळा गेला ही बातमी मंडईतून मंडईत फिरली आणि पुढच्या साली त्याला कोणी बोलावलं नाही. गुलाबने ही हकीकत इतकी वर्षं स्वतःला एका ठरावीक तऱ्हेने सांगून ठेवली होती. बॅटरी उतरली होती. माइक जुना होता. चिंधूही सकाळपासून गातच होता. सांगून सांगून ती त्याला खरी वाटायला लागली होती.

पेट्या त्याने मन लावून उघडल्या. कंडेन्सर पार वाळलेले निघाले. नागपूरहून मागवलेले सगळ्यात चांगले होते ते त्याने बसवले, तारा नव्या टाकल्या, आणि दुपारी जेवून येऊन कॅसेट लावली. पहिली दोन गाणी ऐकून त्याचा जीव सुखावला. टाळ नि टाळ वेगळा येत होता. तिसरं गाणं सुरू झालं, चिंधूचा आवाज हळूहळू खाली गेला, आणि त्याच्यावर, अगदी कानाशी, दोन माणसं कुजबुजली.

"कमी केला काय?"

"केला. आता बोंबलू दे त्याले. गळा फुटला तरी मागं नाई पोचत."

पहिला आवाज डोमाचा, तेव्हाच्या त्याच्या जोडीदाराचा. दुसरा त्याचा स्वतःचा.

त्या दिवशी टेप त्याच्याच टेबलावर, माइकच्या बटनांशेजारी ठेवलेला होता. दर कार्यक्रम तो भरून घ्यायचा आणि कलावंताला कॅसेट द्यायचा, तशी ही पण आठ दिवसांनी नेऊन दिली होती, न ऐकता. कुजबुजीत जाड आवाज नसतोच, सगळं छोट्या स्पीकरचं काम. वाळलेल्या कंडेन्सरांनी इतकी वर्षं ती झाकून ठेवली होती, आणि आज गुलाबने आपल्या हाताने, वर स्वतःची कारागिरी दाखवत, ती उघडी केली होती.

तो टेप बंद करून बसला. माइक बारीक करणाऱ्या बटनाचा गुळगुळीतपणा त्याच्या बोटांना आठवला, दोन बोटांनी केलेलं काम. आणि बटनापेक्षाही वाईट एक गोष्ट आठवली. तीच चेष्टा आपल्यातल्या कोणी केली असती तर तो हसून मोकळा झाला असता. चिंधू रंगारी बौद्धवाड्यातला, त्याने चारचौघांत आपल्याला हसावं, हे त्याला झोंबलं होतं. हे त्याने डोमालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आज बासष्टाव्या वर्षी ते कबूल करताना त्याला दुकानातल्या दुकानात तोंड लपवावंसं वाटलं.

चिंधू पुढे चौदा वर्षं जगला. रोज सकाळी अडुळसा आणि ज्येष्ठमधाचा काढा घ्यायचा. वैशाखातसुद्धा गळ्याला मफलर. बाजारात भेटला की गुलाब आपणहून थांबून विचारायचा, "चिंधूभाऊ, कसा हाय आता गळा?" आणि चिंधू घशाला हात लावून म्हणायचा, "सुधारून राहिला जी." ही विचारपूस गुलाब मायेने करायचा की पाहणी करायचा, हे त्याचं त्यालाच आता सांगता येईना.

जुने कंडेन्सर पुडीत समोरच होते. उगाच कशाला म्हातारीला त्रास, असं मनात आलं, आणि त्याने डाख द्यायचा कैया तापवला. नवे काढले, वाळलेले परत बसवले, कॅसेट लावली. कुजबूज गेली. तिच्या जागी नुसता श्वासासारखा फुसफुसाट. गुलाबने सुटकेचा श्वास टाकला, तो एक गाणंभरही टिकला नाही. चाळीस वर्षांत लोकांच्या किती पेट्या त्याने सुधारल्या, पण चांगली झालेली पेटी जाणूनबुजून बिघडवली ती पहिलीच. त्याला स्वतःची किळस आली. दोनदा बोट भाजलं, पण संध्याकाळ व्हायच्या आत नवे कंडेन्सर पुन्हा जागेवर बसले.

सकाळी तो स्वतः ऑटोत बसून पेट्या पोचवायला गेला. मनाशी एक हिशेब होता आणि तोही भेकडाचाच. आपण काही बोलायचं नाही, कॅसेट लावून द्यायची. जे सांगायचं ते कॅसेटच सांगेल, मग चिंधूची बायको मंगलाबाई काय शिव्या देईल त्या खाली मान घालून ऐकायच्या.

मंगलाबाई अंगणात गुडघे पोटाशी घेऊन बाजेवर बसली होती. रत्नमाला शाळेत गेलेली. गुलाबने ओसरीत पेट्या मांडल्या, तारा जोडल्या, कॅसेट लावली. दोन गाणी झाली. तिसरं लागलं. डोमाने विचारलं, गुलाबने उत्तर दिलं, शब्द न् शब्द ओसरीभर स्वच्छ पडला. गुलाबने डोळे मिटून घेतले होते.

"इथून गेला पाहा त्यायचा आवाज," मंगलाबाई म्हणाली. दर वेळी म्हणत असेल तशीच. "पेट्यायले काही गुण नाई आला, गुलाबभाऊ. तसंच दबल्यासारखं येऊन राहिलं."

तेव्हा गुलाबच्या ध्यानात आलं. पेट्या बिघडल्याच होत्या, पण मंगलाबाईचे कानही मंद झाले होते. बारीक आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. कितीही चांगला कंडेन्सर घातला तरी ती कुजबूज तिला या जन्मी ऐकू येणार नव्हती. पुडी हातात द्यायची, चहा घ्यायचा आणि निघायचं, एवढंच बाकी होतं. कोणालाही कळलं नसतं.

त्याने पुडी तिच्या हातात दिली. तिने चहा आणला, तो प्याला. मग उठता उठता, खाली पाहत तो म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी आवाज नव्हता बसला. माइक म्या कमी केला होता."

"काय म्हणता?"

"माइक म्या कमी केला होता, म्हटलं."

मंगलाबाईने कानामागे तळवा धरला. "मोठ्यानं बोला जी. मले कमी येते ऐकू."

शेजारच्या नळावर बाया पाणी भरत होत्या. पलीकडे कोणी सायकल पुसत होता. गुलाबने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग, बत्तीस वर्षांपूर्वी जे ओठांतल्या ओठांत बोलला होता ते गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. "चिंधूभाऊचा गळा चांगला होता, वहिनी. त्यायनं माही चेष्टा केली म्हणून म्या माइक बारीक केला. मुद्दाम केला."

नळावरची बाई हंडा भरून वाहतोय तरी तो बाजूला घेईना. मंगलाबाईने तळवा हळूच खाली घेतला. गुलाबकडे न पाहता तिने हातातली पुडी उलटसुलट केली.

"मंग तो काढा?" ती म्हणाली.

गुलाबने चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"चौदा वर्ष म्या रोज उकळला. कडू लागते म्हणत आणि नाक दाबून पीत. जायच्या वेळीसुद्धा काढाच मागितला, पाणी नाई मागितलं." ती पेट्यांकडे वळली. "मागं घ्या ते गाणं. आणि जितका मोठा होते तितका करा."

त्याने कॅसेट मागे घेतली आणि बटन शेवटपर्यंत फिरवलं. आधी नुसती खरखर आली, मग कुजबूज ओसरीतून बाहेर पडून नळापर्यंत गेली, आणि तिच्या मागून, लांबून, चिंधू रंगारी गायला लागला. माइकशिवाय, नुसत्या गळ्याने, ओरडणाऱ्या गर्दीला ओलांडून. सूर कुठे हलत नव्हता. ताण ऐकू येत होता, भेग एकही नव्हती. मंगलाबाई पुढे वाकून ऐकत होती आणि गाणं संपेपर्यंत तिने पदर डोळ्याला लावला नाही.

"चांगलाच होता आवाज," ती म्हणाली.

गुलाब उभा होता. ती त्याला बस म्हणेना, जा म्हणेना. त्याने चपला घातल्या तेव्हा ती बोलली, आवाज न चढवता.

"तुम्ही बाजारात इचारत होते ना त्यायले, गळा कसा हाय म्हणून? घरी येऊन सांगत मले. म्हणत, सारे इसरले, साऱ्या मोहाडीत एक गुलाबच इचारते."

टेपमध्ये पुढचं गाणं लागलं होतं आणि बटन अजून शेवटपर्यंतच होतं. गुलाबला त्या गल्लीतून चालत जायचं होतं आणि दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी होती.