तूर वाळली होती

रोहण्याच्या स्टेशनावर आमची छोटी गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबायची. मी नोकरीसाठी कलकत्त्याला निघालो त्या दिवशी माय मला पोचवायला आली होती, पण तिचं अर्धं लक्ष घराकडे होतं. कुणाच्या तरी घरची तूर तिने सकाळीच तेलाचा हात फिरवून अंगणात उन्हात टाकली होती, आणि ती सारखी हलवावी लागते. गाडी आली. मायने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पोटभर जेवत जाजो. पत्र टाकजो." मी पाया पडलो. गाडी हलेपर्यंत ती परत फिरलीसुद्धा होती. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. गावात राहिलेल्यांना वाटतं की जाणाऱ्याच्या काळजात त्या क्षणी काहीतरी तुटतं. माझ्यासारखे जे गेले, त्यांनी खरं सांगावं. माझं काहीच तुटलं नाही. मी फडकं मांडीवर ठेवलं आणि बसून राहिलो.

डब्यात सोनामावशी होती. आर्वीहूनच खिडकीजवळची जागा धरून आली होती, मला पुलगावला मोठ्या गाडीत बसवून द्यायला. माझं तोंड बघून म्हणाली, "काऊन रे, फाशीले चालला का?" ही मायची माहेरची मैत्रीण. दोघी एकाच गल्लीत वाढल्या आणि दोघी लवकर विधवा झाल्या. माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. तेव्हापासून माय लोकांच्या घरची तूर भरडून डाळ करून द्यायची, त्यावर आम्ही दोघं जगलो. रोहण्याला हायस्कूल नव्हतं, म्हणून पाच वर्षं मी आर्वीला सोनामावशीच्या एका खोलीत राहून शिकलो. ती स्वतः दाराशी निजायची आणि आतली जागा मला द्यायची. आर्वीच्या डाळ मिलमध्ये तूर वाळवायच्या पटांगणावर ज्या बाया राबायच्या, त्यांची ती मुकादम होती. पुलगावला गाडी सुटताना पदर तोंडात कोंबून रडली ती हीच. मी हात हलवला.

जबलपूरच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकलो होतो. तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि जबलपूर आपलंच वाटायचं. कलकत्ता मात्र परकं. हावड्याच्या ज्या कारखान्यात मी लागलो तिथे भात सडून तांदूळ काढायची, तेल गाळायची, पीठ दळायची यंत्रं बनत. मी ड्रॉइंग ऑफिसात. सकाळी नऊला बोर्डावर कागद ताणून लावायचा, पेन्सिलीला टोक काढायचं, आणि संध्याकाळपर्यंत गिअर, शाफ्ट, बेअरिंग. मेसमध्ये भात आणि मासे. वरण मागितलं की गोडसर डाल यायची. पहिल्या महिन्यात ती गिळवेना, तिसऱ्या महिन्यात तिची चव लागेनाशी झाली आणि मग कशाचीच लागेना. दर रविवारी मायला पत्र लिहायचो. तिला वाचता येत नव्हतं, पोस्टमास्तर वाचून दाखवायचे. मी लिहायचो, मी खुशाल आहे. ते खोटं नव्हतं. खुशाल नसायला काहीतरी वाटावं लागतं.

तीन वर्षांनी डाळीचं यंत्र माझ्या वाट्याला आलं. आमच्या चीफ ड्राफ्ट्समनने, घोषबाबूंनी, ते मुद्दाम मला दिलं. म्हणाले, "तुम्ही तुरीच्या मुलखातले." डाळ ज्याने ताटातच पाहिली त्याला ती करणं सोपं वाटतं. तुरीचं साल दाण्याला घट्ट धरून बसतं. त्याला तेल लावा, ऊन द्या, पाणी शिंपडून झाकून ठेवा, पुन्हा ऊन द्या, तेव्हा कुठे ते सुटतं. दाणा ओला राहिला तर चेपतो आणि फुटतो. बरोबर वाळला हे कसं ओळखायचं? माय एक दाणा दाढेखाली धरायची. कट्‌कन वाजला की म्हणायची, "वाळली." नाही वाजला की, "उद्या पाहू." तिची डाळ फुटल्याचं मला आठवत नाही.

माझ्या यंत्रात खरखरीत थर दिलेला एक रोलर होता आणि त्याच्याभोवती छिद्रांची जाळी. या दोहोंमधल्या फटीतून तूर जायची आणि घासून साल निघायचं. सगळी कला त्या फटीत. फट मोठी झाली की साल तसंच राहतं, लहान झाली की दाण्याचा चुरा होतो, ज्याला आपण चुणी म्हणतो आणि जनावरांपुढे टाकतो. घोषबाबू म्हणाले, तुमच्याकडून दोन शेर तूर मागवून घ्या, तिच्यावरून माप धरा. मला हसू आलं. मला तूर शिकवता? आयुष्यभर पायांत तूर सांडलेल्या घरात मी वाढलो. बाजारातली बिहारची तूर आणली, शंभर दाणे मोजले आणि फट ठरवली. आपल्याकडची तूर टपोरी असते हे मला ठाऊक होतं. ज्याच्या मायच्या हातांतून दर हंगामात पोत्यांनी तूर गेली त्याला ते ठाऊक नसेल कसं? पण कागदावर काम करताना ते आठवलं नाही.

पहिलं यंत्र आर्वीलाच गेलं. तिथल्या सेठने ते मागवलं आणि ते उभं करून द्यायला कारखान्याने मला पाठवलं. फाल्गुनाचं ऊन होतं. माय रोहण्याहून गाडीने आली, नवं लुगडं नेसून, लेकाचं यंत्र पाहायला. सोनामावशीने मिलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हा इंजिनिअर माझ्या घरात वाढला. सकाळी पटांगणावर दोघी फिरल्या. मायने वाळवणातला एक दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "वाळली. टाक आता." बाया हसल्या. मीही हसलो.

पट्टा चढवला, इंजिन सुरू झालं, तूर आत गेली. खाली आली ती चुणी. अर्ध्याहून जास्त चुरा. मी एक दाणा जाळीपाशी धरला आणि मला त्या क्षणी सगळं कळलं. फट लहान होती. सेठ हातात चुरा घेऊन उभा होता. त्याने शांतपणे विचारलं, "इंजिनिअर साहेब, ये क्या है?" मिलचा मुनीम होता, बाया होत्या, भिंतीशी माय उभी होती. मी म्हणालो, "तुरीत ओल राहिली आहे."

दुसरं काहीही बोलता आलं असतं. यंत्र नवं आहे, बसायला वेळ लागतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सेठने मान वळवून सोनामावशीकडे पाहिलं. ती मायकडे पाहू लागली. माय माझ्याकडे पाहत होती. ती रागावलेली नव्हती. मोजताना आकडा चुकला की माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजतो, तसं ती माझ्याकडे पाहत होती. मग तिने पिशवी उचलली आणि गेली.

सेठला मी सांगितलं, आणखी दोन दिवस ऊन द्या. मी मिलमधल्याच एका खोलीत उतरलो होतो. त्या दोन दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत मिलमध्ये कुणी नसताना, मी जाळीच्या बैठकीखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवून फट वाढवली. तिसऱ्या दिवशी तीच तूर घातली आणि पिवळीधमक डाळ आली, दाणा न्‌ दाणा सारखा. सेठने माझी पाठ थोपटली. ओल होती हे सिद्धच झालं. त्या संध्याकाळी सोनामावशीला मुकादमीवरून काढलं आणि मिलमधूनही काढलं. मी रोहण्याला एक दिवस राहिलो. माय नेहमीसारखी वाढत होती. मी नेहमीसारखा जेवत होतो. कलकत्त्याला परतल्यावर फटीचं माप ड्रॉइंगवर खोडून नवं लिहिलं. कुणी विचारलं नाही.

पुढे माझं चांगलं झालं. ते यंत्र आपल्या भागात बरंच खपलं. चुणी, सरकीची ढेप आणि कोंडा एकत्र करून जनावरांचं खाद्य बनवायचं यंत्रही मी केलं. पगार वाढला, लग्न झालं, बायको कलकत्त्यातच वाढलेली. घरात बंगाली, हिंदी आणि थोडी मराठी अशी खिचडी बोलत असू. मधल्या काळात आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. दर एक-दीड वर्षाने मी गावी यायचो. सोनामावशी तेव्हा कापसाच्या जिनात सरकी उचलायच्या कामाला जात होती. जिनाच्या फाटकापाशी भेटायची, केसांत कापूस अडकलेला, "जाड झाला रे" म्हणायची. मी बोलेन असं प्रत्येक वेळी ठरवायचो. प्रत्येक वेळी गाडीची वेळ व्हायची.

माय गेल्याची तार आली तेव्हा मी बोर्डावर होतो. तार वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि हातातली रेघ पूर्ण केली. घोषबाबूंनी मला घरी पाठवलं. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. लोक येऊन बसत, मी उठून पाणी देई. कुणीतरी कुजबुजलं की शिकलेल्या लोकांना रडू येत नाही. ते बरोबर असेल. मला हातपाय आहेत हे कळत होतं, त्यापलीकडे काही कळत नव्हतं.

तेरवी झाल्यावर आर्वीला सोनामावशीच्या खोलीवर गेलो. ती आता वाकली होती. तिने चूल पेटवली, वरण-भात केला, ताट वाढलं. मी ताटाला हात न लावता म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तूर वाळली होती. यंत्र माझं चुकलं होतं."

ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुही माय सांजच्या गाडीनं गेलीच नाई. इथंच आलती. म्हणे, सोने, तूर वाळली होती, पोट्टा खोटं बोलला."

मी विचारलं, मग सेठला का नाही सांगितलं. ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. "तुही नोकरी गेली असती ना बापा. आमी दोघींनं काय तुले त्यासाठी शिकवलं?"

मग तिने चुलीतले निखारे सारले आणि म्हणाली, "तुह्या मायनं मले एकच म्हणलं. सोने, तू काई बोलू नको. तो येईन अन् सोताच सांगन. तू गावाले येऊन परत गेला, का ती गाडी धरून माह्याकडं येई. विचारे, सांगतलं का त्यानं? मी म्हणो, नाई. मंग ती म्हणे, पुढच्या खेपेले सांगन."

मला तेव्हा आठवलं की मी गावी आलो की माय दर खेपेला विचारायची, "सोनीकडं जाऊन आला का?" मी म्हणायचो, हो. ती म्हणायची, बरं. मला वाटायचं, मैत्रिणीची खुशाली विचारते आहे.

"शेवटच्या दुखण्यातबी विचारलं तिनं," मावशी म्हणाली. "मी खोटं सांगतलं. म्हणलं, हो, सांगतलं. म्हणून तं डोळे मिटले तिनं. जेव आता. निवून राह्यलं."

मी जेवायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या घासाला वरणाची चव लागली. कितीतरी वर्षांनी कशाची तरी चव लागली, आणि पुढचा घास माझ्या हातातच राहिला. मावशीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

गेलेल्यांना लोक विचारतात, आता तुमचं घर कुठे. मी कलकत्त्याचा पत्ता सांगतो, पत्रं तिथेच येतात. रोहण्याचं घर मी पुढे विकून टाकलं. पण मला कुणी खरंच विचारलं तर घर म्हणजे मला त्या दोन बाया दिसतात, माझं खोटं पोटात घेऊन मी खरं बोलेन म्हणून वर्षानुवर्षं थांबलेल्या. मी खरं बोललो. एकीनेच ऐकलं, आणि जिच्यासाठी बोलायचं होतं त्या मायला ते सोनामावशीच्या खोट्यातूनच मिळालं.