गावभर एकच लुगडं

ये गं, अशी जवळ बस. आजीला कमी ऐकू येतं हे ठाऊक असून लांबून काय बोलतेस? आणि भरलेलं कपाट उघडून 'नेसायला काहीच नाही' म्हणालीस म्हणे. शहाणीच आहेस. ऐक आता.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत कापड कंट्रोलवर, म्हणजे रेशनसारखं मोजून मिळायचं. एका वर्षी कर्जतच्या दुकानात लुगड्यांचा गठ्ठा आला, सगळी हिरवी, तांबड्या काठाची. निवड कसली, हातात पडेल ते घ्यायचं. मग काय, खालच्या आळीतल्या आम्ही आणि वरच्या आळीतल्या खोतांच्या सुना, सगळ्या एका रंगात. एरवी त्यांचं लुगडं दिसलं की विहिरीवर आम्ही बाजूला सरायचो. आता पाठमोरी ओळख पटेना, कोण कोणासाठी सरणार? मला तर मजा वाटायची.

त्या लुगड्यानंच माझी भीड चेपली. बाजाराच्या दिवशी मी, जाऊ आणि सासूबाई कर्जतला गेलो, तिघींच्या काखेत घरच्या टोपल्या. स्टेशनाजवळ एक हाटेल होतं. तिथं पुरुषांनी खायचं, बायकांनी वास घेत पुढे जायचं. घरी भजी तळायचो आम्हीच, पण आमच्या वाट्याला कढईतला चुरा. त्या दिवशी जाऊ बांगड्या बघत होती, सासूबाई सुकट निवडत होत्या. मी मागच्या खिडकीतून भज्यांचा पुडा घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि उभ्यानंच खाल्ली. जीभ पोळली, पण थांबले नाही.

संध्याकाळी सासरे ओटीवरून बोलले. सुनांशी ते थेट बोलत नसत, सगळं सासूबाईंमार्फत.

"इचार तुज्या सुनांना, हाटेलामागं भजी कोण खात व्हती? पाठमोरी बगितली मी, काखेत आपलीच टोपली. जी कुणी असंल तिचं दिवाळीला म्हायेर बंद."

लग्न झाल्यापासून मी खालापूरकडे, आईला भेटायला, एकदाही गेले नव्हते. कबूल करावं तर दिवाळी जाते, गप्प बसावं तर जावेवर येतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाकरी थापता थापता, मान वर न करता सासूबाई म्हणाल्या, "मी व्हते ती."

"तू? तुला दात कुठं हायत?"

"म्हणून तर भजी घेतली. चणे घेऊ का? करा माझं म्हायेर बंद. चार घरं टाकून तर हाय. भाऊ इचारायला आला की तुमीच सांगा, बाईनं भजी खाल्ली म्हणून."

सासरे पागोटं उचलून देवळाकडे निघून गेले.

मी चुलीजवळ सरकले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "एकटी एकटी खाल्लीस व्हय गं? पुढल्या बाजाराला मला पन आन. आन तोंड पूस आदी, तेल लागलंय."

दिवाळीला मी माहेरी गेले. पुढे प्रत्येक बाजाराला पुडा टोपलीच्या तळाशी घरी यायचा आणि आम्ही तिघी चुलीमागे बसून वाटून खायचो. लुगडी विरली, पण पुड्याचा नेम काही मोडला नाही.

तुझ्या कपाटात दोन साड्या सारख्या सापडायच्या नाहीत. असू दे. पण पुन्हा लवकर ये गं, वर्ष लावू नकोस. भजी मी तळते, पहिला घाणा तुझा. आणि नेस कुठलीही, मी तुला पाठमोरीसुद्धा ओळखीन.