दात कोणी पाडले

लाकडाच्या कारखान्यात त्याला सगळे भिंग म्हणत. करवतीची गोल पाती आणि लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनची टोकं, म्हणजे बिट, साफ करणं हे त्याचं काम. पात्यावर चढलेला काळा चीक पाहून तो सांगे, ओलं पाईन कोणी कापलं आणि घाईने फळी कोणी रेटली. कुणाच्या तोंडच्या शब्दावर त्याने बावीस वर्षांत विश्वास ठेवला नव्हता. घरीसुद्धा डबा घेताना विचारी, "मीठ बघितलंस का?" बायको म्हणे, "कसं बघणार? भिंग तुमच्या खिशात."

त्या महिन्यात तीन पात्यांचे कार्बाइडचे दात गळाले. तिन्ही पाती दाजींच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या मशीनवरची.

"खिळे न बघता फळ्या रेटता तुम्ही," भिंग म्हणाला.

"खिळा लागला असता तर आवाज झाला असता. मी काय बहिरा आहे?"

"कान शाबूत आहेत हो. कबूल करायला जीभ जड जातेय."

त्याने मालकिणीच्या कानावर घातलं. आणखी एक पातं गेलं की दाजींनी घरी बसायचं, असं ठरलं. संध्याकाळी बहीण दारातूनच बोलली, "माझ्या संसारावर का उठलास रे?"

भिंगाने पाळत आणखी वाढवली. सुट्टीच्या आदल्या दिवशी दाजींच्या मशीनवरचं पातं स्वतः उतरवलं. दात मोजले. साठच्या साठ. मग ते सोड्याच्या टबात बुडवलं. पूर्वी तो साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून ब्रशने घासत असे. पण मनगट दुखायला लागल्यापासून कॉस्टिक सोडा कडक कालवायचा आणि दाजींची पाती, सगळ्यांत जास्त चीक त्यांवरच म्हणून, दिवसदिवस त्यातच ठेवायचा. चीक आपोआप सुटे. खोलीला कुलूप लावून किल्ली त्याने खिशात टाकली.

सुट्टीनंतर पातं बाहेर काढलं तर दात अठ्ठावन्न. त्याने आधी कुलूप तपासलं, मग खिडकीच्या कड्या. शेवटी टब उपडा केला. तळाशी दोन दात होते. पात्यावरच्या तिसऱ्या दाताला अंगठा लावला, तर तोही हातात आला. दात धरून ठेवणारा डाख सोड्याने खाल्ला होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मोरी दोन पावलांवर होती; दात तिच्यात टाकले असते तर कुणाला कळलं नसतं. त्याने तिन्ही दात रुमालात बांधले.

मग मालकिणीच्या टेबलावर त्याने तिन्ही दात ठेवले. दाजींनाही बोलावून घेतलं. "खिळा नव्हता. माझा सोडा होता."

दाजींनी दातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आज एवढा सरळ कसा झालास? यात काय डाव आहे?"

"डाव नाही, दाजी."

"मग तेवढं कागदावर लिही. तुझं मन उद्या फिरेल."

भिंगाने लिहून सही केली. दाजींनी कागद दोनदा वाचला आणि तारीख घालायला लावली.